मूत्रपिंड वाचलं, गाठही वाचली : डोकं-मानेच्या कर्करोगावरच्या नॅनो-औषधांचा इतिहास



२०२१ सालचा मे महिना आठवून बघा. कोविडमधून जेमतेम उठलेल्या माणसांच्या नाकात, टाळूत, डोळ्यांमागे बुरशी शिरत होती आणि महाराष्ट्रभर नातेवाईक एका इंजेक्शनच्या मागे धावत होते. तोवर डॉक्टर आणि औषध दुकानदार यांच्यापुरतंच असलेलं त्याचं लांबलचक नाव त्या महिन्यात घराघरात पाठ झालं : लायपोसोमल अँफोटेरिसिन बी. साधं अँफोटेरिसिन त्याच्या कितीतरी पट स्वस्त. मग ‘लायपोसोमल’च का हवं होतं? कारण साधं अँफोटेरिसिन बुरशीला मारता मारता रुग्णाच्या मूत्रपिंडालाही धरतं. तेच औषध चरबीच्या अतिसूक्ष्म पुडीत बांधून दिलं की मूत्रपिंडाला बरीच कमी इजा होते. या भारतीय बनावटीच्या पुडीवर मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या चमूनं बरंच आधी काम करून ठेवलं होतं, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

ही पुडी म्हणजेच नॅनोकण. आपल्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर धरली, तर ही पुडी शंभरेक नॅनोमीटरची. आज आपल्यासमोर प्रश्न असा आहे : बुरशीच्या औषधाला जी पुडी लाभली, ती कर्करोगाच्या औषधाला, त्यातही डोकं-मानेच्या कर्करोगाच्या औषधाला, का लाभली नाही? ‘डोकं-मान’ म्हणताना डॉक्टर मेंदू त्यात धरत नाहीत. तोंड, जीभ, गालफड, घसा, स्वरयंत्र हा तो मुलूख. आणि हा मुलूख आपल्या फार ओळखीचा आहे. २०२२च्या ग्लोबोकॅन अंदाजाप्रमाणे एकट्या तोंडाच्या कर्करोगाचे भारतात वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होतात. तंबाखू, मावा, खर्रा, गुटखा यांबद्दल या मंचावर वेगळं काही सांगायला नको. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि ती कशी पाळली जाते हेही आपण पानटपरीवर रोज बघतो.

आता मागे जाऊ. केमोथेरपीची गोष्ट जिथून सुरू होते तो रुग्ण गळ्याच्या आजाराचाच होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

१९४२ साल, अमेरिकेतलं येल विद्यापीठ. लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन हे दोघे औषधशास्त्रज्ञ युद्धखात्यासाठी विषारी वायूंचा अभ्यास करत होते. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूनं भाजलेल्या सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात, हे तोवर माहीत झालं होतं. या वायूचाच भाऊबंद असलेला नायट्रोजन मस्टर्ड त्यांनी आधी गाठ असलेल्या उंदराला देऊन पाहिला, गाठ विरघळली. मग सर्जन गुस्ताफ लिंडस्कोग यांनी एक रुग्ण पुढे केला. कागदोपत्री त्याची ओळख ‘जे. डी.’ एवढीच आहे. पोलंडहून आलेला, कारखान्यात काम करणारा माणूस. त्याला लिम्फोसार्कोमा होता, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. तो टॉन्सिलमधून जबड्याखाली, मानेत आणि काखेत पसरला होता. शस्त्रक्रिया झाली होती, किरणोपचार झाले होते. त्याला धड तोंड उघडता येत नव्हतं, गिळता येत नव्हतं. २७ ऑगस्ट १९४२ रोजी त्याला पहिलं इंजेक्शन दिलं. युद्धाची गुप्तता इतकी की त्याच्या केसपेपरवर औषधाचं खरं नावही लिहिलेलं नव्हतं. थोड्याच दिवसांत गाठी बसल्या. तो गिळू लागला, झोपू लागला. पण औषधानं गाठीबरोबर अस्थिमज्जाही धुवून नेली, पांढऱ्या पेशी तळाला गेल्या. गाठी परत आल्या, पुढच्या डोसांना त्यांनी पहिल्यासारखी दाद दिली नाही आणि १ डिसेंबरला तो गेला. हे सगळं जगासमोर यायला १९४६ उजाडलं, आणि त्याचे मूळ कागद शोधून अभ्यासकांनी छापले ते २०११ मध्ये.

जे. डी.चा आजार म्हणजे आपल्याकडचा गालफडाचा कर्करोग नव्हे, हे इथेच स्पष्ट करू. तो लसिका पेशींचा, आपल्याकडचा तोंडाच्या आतल्या अस्तराचा. पण त्याच्या तीन महिन्यांत पुढच्या ऐंशी वर्षांचं सगळं भांडण आलेलं आहे. औषध काम करतं, हे दिसलं. औषधाला गाठ आणि मज्जा यांतला फरक कळत नाही, हेही दिसलं.

त्याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं? परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारीत सुरू झालं होतं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ १००० रुग्णांचा आढावा अमेरिकेतल्या ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. एकाच शहरातले, एकाच आजाराचे हजार रुग्ण! तंबाखू-पानाची सवय आणि गाठीची जागा यांचा संबंध त्यांनी जगापुढं मांडला. म्हणजे औषध एका गोलार्धात सापडत होतं आणि त्याची सगळ्यात मोठी गरज दुसऱ्या गोलार्धात मोजली जात होती.

आपल्या कहाणीतलं मुख्य औषध मात्र नायट्रोजन मस्टर्ड नाही. ते आहे सिसप्लॅटिन. त्याचा शोध अपघाती. १९६५ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू दुभंगायचे थांबले आणि लांब दोऱ्यासारखे वाढत गेले. विजेनं नव्हे, प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून झिरपलेल्या रसायनानं पेशींचं विभाजन बंद पाडलं होतं. १९७८ मध्ये या रसायनाला अमेरिकेत औषध म्हणून परवानगी मिळाली. डोकं-मानेच्या कर्करोगात किरणोपचारासोबत आजही तेच पहिलं निवडतात. त्याचा त्रास ज्यांनी घरात पाहिला आहे त्यांना वर्णन नको. उलट्या, कानात सतत आवाज आणि मग ऐकू कमी येणं, आणि सर्वांत वाईट म्हणजे मूत्रपिंडाला इजा. म्हणून तर ते देताना सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवतात.

मग डोस कमी करावा, असं कुणालाही वाटेल. परळला हा प्रश्न नेमका तपासला गेला. ३०० रुग्ण, निम्म्यांना दर आठवड्याला थोडं थोडं सिसप्लॅटिन, निम्म्यांना तीन आठवड्यांनी एकदा मोठा डोस. २०१८ मध्ये आकडे आले. दोन वर्षांनी गाठ जागच्या जागी आटोक्यात राहण्याचं प्रमाण आठवड्याच्या गटात ५८.५ टक्के, तीन आठवड्यांच्या गटात ७३.१ टक्के. मोठ्या डोसाचा त्रासही जास्तच होता. म्हणजे सौदा असा : त्रास कमी केला की गाठीलाही सूट मिळते. हा सौदा मोडायचा, गाठीला पूर्ण डोस आणि बाकी शरीराला थोडका, हेच ‘टारगेटेड’ औषधाचं स्वप्न. शतकभरापूर्वी पाउल एर्लिखनं त्याला ‘जादूची गोळी’ म्हटलं होतं. आपण पुडीकडे वळू.

लायपोसोम दिसला तो केंब्रिजजवळच्या बाब्राहॅम इथे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अलेक बँगहॅम पेशीच्या पडद्यातली चरबी पाण्यात टाकून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. ती चरबी आपोआप गोल मिटून पोकळ फुगे बनवत होती. पोकळीत पाणी, आणि पाण्यात विरघळेल ते सगळं. औषध भरायची कल्पना यातूनच निघाली.

पण भरलेली पुडी गाठीकडेच का जाईल? याचं उत्तर १९८६ मध्ये जपानच्या कुमामोतो विद्यापीठातून आलं. यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी मायेदा यांनी उंदरांत दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत बांधलेल्या असतात. त्यांच्या भिंतींना भेगा असतात, आणि गाठीतला मैला वाहून नेणारी लसिका-गटारंही धड नसतात. निरोगी रक्तवाहिनीतून मोठा कण बाहेर पडत नाही. गाठीत तो गळतो आणि तिथंच साठतो. म्हणजे पत्ता लिहायचीही गरज नाही, आकार बरोबर ठेवला की पुडी आपोआप पोचेल. १९९५ मध्ये डॉक्सिल, म्हणजे लायपोसोममध्ये भरलेलं डॉक्सोरुबिसिन, अमेरिकेत मंजूर झालं. डॉक्सोरुबिसिन हृदयाला बाधतं. पुडीत घातल्यावर ते बाधणं कमी झालं. २०१२ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला तेव्हा तिथल्या औषध प्रशासनानं तात्पुरती परवानगी देऊन आपल्या सन फार्माचं लायपोडॉक्स मागवलं, ही एक सुखद तळटीप.

आता २००१ सालाशी जरा थांबू. आमच्या मते या इतिहासाची गाठ त्या वर्षात आहे.

लंडनमध्ये केव्हिन हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी एक साधा, पण तोवर नीट न विचारलेला प्रश्न विचारला : उंदराचं ठीक आहे, माणसाच्या गाठीत पुडी खरंच पोचते का? त्यांनी रिकाम्या लायपोसोमवर किरणोत्सारी इंडियमची खूण केली, १७ रुग्णांना शिरेतून दिले आणि गॅमा कॅमेऱ्यानं पाहिलं. बहुतेकांच्या गाठी उजळल्या. आणि कुठल्या गाठी जास्त? दर किलो वजनाच्या हिशोबानं स्तनाच्या गाठीत दिलेल्या डोसाच्या सुमारे ५ टक्के, फुप्फुसाच्या गाठीत १८ टक्के, आणि डोकं-मानेच्या गाठीत ३३ टक्के. म्हणजे आपल्या मुलखाचा नंबर पहिला! हा आकडा वाचून कुणालाही आशा वाटावी. पण ‘दर किलो’ हे शब्द विसरू नका. गाठ काही किलोभर नसते. ५० ग्रॅमची गाठ धरली तर वाट्याला येतं दिलेल्या डोसाच्या दीड टक्क्याच्या थोडं वर. त्यांनी स्वतः काढलेली मर्यादाही अर्धा ते साडेतीन टक्के अशीच होती. उरलेलं यकृतात, प्लीहेत, रक्तात.

तरी, पुडी पोचते आणि डोकं-मानेत बरी पोचते, एवढं सिद्ध झालं. मग पुढची पायरी उघडच होती : याच पुडीत सिसप्लॅटिन भरा. तेही झालं होतं. एसपीआय-०७७ या नावाचं लायपोसोमल सिसप्लॅटिन तयार होतं, आणि त्याच वर्षी त्याच हॅरिंग्टन यांनी शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या डोकं-मानेच्या रुग्णांवरच्या चाचणीचा निष्कर्ष छापला. मूत्रपिंडं शाबूत राहिली. सिसप्लॅटिनच्या नेहमीच्या छळाचा मागमूस फारसा नाही. आणि गाठींवरही परिणाम जवळजवळ नाही.

मूत्रपिंड वाचलं, गाठही वाचली.

कारण काय? डॉक्सोरुबिसिनला लायपोसोमच्या चरबीतून बाहेर झिरपता येतं. सिसप्लॅटिनचा रेणू तसा नाही. चरबीचा पडदा तो सहज ओलांडत नाही. पुडी इतकी घट्ट बांधली गेली की रक्तातून जाताना औषध सांडलं नाही आणि गाठीत पोचल्यावरही सुटलं नाही. पोस्टमननं पार्सल बरोबर घरी टाकलं, पण ते कुणालाच उघडता आलं नाही. तोवर सगळ्या संशोधनाची शक्ती ‘पोचवायचं कसं’ यावर लागली होती. ‘पोचल्यावर सुटणार कसं’ हा प्रश्न दुय्यम समजला गेला, आणि तो डोकं-मानेच्या रुग्णांमध्येच उघडा पडला. पुढे जपानमध्ये काझुनोरी काताओका यांच्या कामातून सिसप्लॅटिनला हळूहळू सोडणारे नॅनोकण तयार झाले, डोकं-मानेच्या रुग्णांपर्यंतही आले, पण रोजच्या उपचारात त्यांना जागा मिळाली नाही.

याच २००१ मध्ये मिलानमधली हकीकत वेगळी आहे. तिथे ब्रुनो दामाशेल्ली यांनी पॅक्लिटॅक्सेल हे औषध अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनाच्या कणांत बांधून दिलं, आणि तेही शिरेतून नव्हे, गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीतून. एकूण ४३ रुग्ण, त्यांत मोठा वाटा डोकं-मानेचा. पुष्कळांच्या गाठी आक्रसल्या. हेच औषध २००५ मध्ये अब्रॅक्सेन या नावानं अमेरिकेत मंजूर झालं, पण स्तनाच्या कर्करोगासाठी. माणसांतल्या त्याच्या सुरुवातीच्या वापरात जीभ आणि घशाचे रुग्ण होते, हे आता फार थोड्यांना आठवतं. धमनीचा मार्गही पुढे मागे पडला. सिसप्लॅटिन धमनीतून देण्याची पद्धत नेदरलँड्समध्ये मोठ्या चाचणीत शिरेशी ताडून पाहिली गेली. २०१०च्या निष्कर्षात धमनी सरस ठरली नाही.

आता एक आडवाट, पण ती घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आकाराच्या भरवशावर न राहता पुडीवर पत्ताच चिकटवावा, असा एक पंथ होता. काही कर्करोगपेशी फोलेट हे जीवनसत्त्व अधाशासारखं ओढून घेतात. तर कणावर फोलेट चिकटवा, पेशी स्वतःच कणाला आत घेईल. हे दाखवायला प्रयोगशाळांत सर्रास वापरली गेली ती ‘केबी’ नावाची पेशीमालिका. १९५५ मध्ये हॅरी ईगल यांनी ती तोंडाच्या तळाच्या कर्करोगातून मिळवली, अशी नोंद. साहजिकच असंख्य निबंधांत ‘डोकं-मानेच्या कर्करोगाच्या पेशींवर नॅनोकण प्रभावी’ असे निष्कर्ष आले. २००५ मध्ये मिशिगनच्या गटानं फोलेट आणि मेथोट्रेक्सेट चिकटवलेले कण उंदरांना देऊन गाठी रोखल्या, तो गाजलेला प्रयोगही केबी पेशींवरचाच.

पण केबी पेशी तोंडाच्या नाहीतच. त्या हेला पेशी आहेत. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी इतक्या जोमदार वाढतात की जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांनी दुसऱ्या पेशींच्या बशा बळकावल्या. १९६७ मध्येच स्टॅन्ली गार्टलर यांनी अनेक पेशीमालिका प्रत्यक्षात हेलाच असल्याचं दाखवलं होतं. पुढे पेशीसंग्रहांनी केबीच्या नोंदीतही ही सूचना टाकली. तरीही वर्षानुवर्षं निबंध येतच राहिले. कणांची रचना चुकीची नव्हती, फोलेटची युक्तीही खरी होती. पण गालफडाच्या नावानं जो पत्ता शोधला जात होता, तो वेगळ्याच अवयवाचा होता. गालफडाच्या पेशींवर फोलेटची दारं तितकी मुबलक नाहीत. तिथे बहुतेकदा असतं ते ईजीएफआर नावाचं दार, आणि ते ओळखणाऱ्या सिटुक्सिमॅब या प्रतिपिंडानं २००६ मध्ये किरणोपचारासोबत आपला उपयोग दाखवलाही, कुठल्याही पुडीशिवाय.

२०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटानं दहा वर्षांचे प्राण्यांवरचे निबंध गोळा करून हिशोब मांडला. दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणारा मध्यक वाटा ०.७ टक्के. शंभरात एकही नाही! मोठी चर्चा झाली, वादही झाले. आम्हाला त्यातली एक गोष्ट सयुक्तिक वाटते. उंदरात गाठ दोन-तीन आठवड्यांत वाढवतात आणि ती त्याच्या शरीराच्या मानानं अवाढव्य असते. अशा गाठीच्या रक्तवाहिन्या भेगाळ असणारच. गालफडातली गाठ महिनोन्‌महिने, कधी वर्षं घेत वाढते. दोन्हींना एकच नियम लावला गेला, हे आज मागे वळून पाहताना खटकतं.

याच्या पुढचं पाऊल मात्र डोकं-मानेच्या बाजूनं पडलं, आणि तेही एका फार साध्या निरीक्षणातून. स्वादुपिंडाची गाठ पोटात खोल दडलेली असते. जिभेची गाठ आरशात दिसते, बोटाला लागते. मग तिच्यापर्यंत जायला सगळ्या शरीराला प्रदक्षिणा कशाला? फ्रान्समध्ये हाफ्नियम ऑक्साइडचे नॅनोकण थेट सुईनं गाठीत टोचून मग किरणोपचार देतात. कण किरणांची ऊर्जा गाठीत जास्त शोषून घेतात. ज्यांना सिसप्लॅटिन सोसणार नाही अशा वयस्क रुग्णांवर त्याची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२२ मध्ये सुरू झाली. ही केमोथेरपी नव्हे, पण याच वंशावळीतली. आणि २०२२ मध्येच अमेरिकेतून एक निबंध आला : सिसप्लॅटिन भरलेले नॅनोकण एका छोट्या पट्टीत बसवून ती तोंडातल्या गाठीवर चिकटवायची. मोजक्या रुग्णांत शस्त्रक्रियेआधी ती लावली. गाठी लहान झाल्या आणि रक्तात सिसप्लॅटिन जवळपास आढळलं नाही. २००१ मध्ये जी पुडी उघडली नाही ती इथे उघडली, कारण तिला प्रवासच करायचा नव्हता. घट्ट बांधायची गरजच उरली नाही.

इकडे परळला याच काळात वेगळं गणित चाललं होतं. २०२० मध्ये तिथून ४२२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. आजार बरा होण्यापलीकडे गेलेल्यांना एकीकडे सिसप्लॅटिनची इंजेक्शनं, दुसरीकडे मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या जुन्या, स्वस्त गोळ्या, घरी बसून घ्यायच्या. गोळ्यांच्या गटाचं मध्यक आयुष्य ७.५ महिने, इंजेक्शनवाल्यांचं ६.१. त्रासही गोळ्यांचा कमी. २०२३ मध्ये, सिसप्लॅटिन न झेपणाऱ्यांना किरणोपचारासोबत डोसेटॅक्सेल दिल्यावर दोन वर्षं जगण्याचं प्रमाण ४१.७ वरून ५०.८ टक्क्यांवर गेलं. यांत नॅनो काहीच नाही. आमचा कल विचाराल तर, गेल्या वीस वर्षांत आपल्याकडच्या रुग्णाच्या पदरात जे पडलं ते पुड्यांपेक्षा या हिशोबांतून जास्त पडलं.

म्हणून पट्टी निरुपयोगी, असं नाही. गाठ लहान, वरवरची आणि डॉक्टरच्या बोटाच्या टप्प्यात असेल तर तिचा उपयोग होईल असं वाटतं. अडचण अशी की आपल्याकडे बहुतेक रुग्ण रुग्णालयात पोचतात तोवर गाठ हाडात किंवा मानेच्या ग्रंथींत उतरलेली असते. आणि आणखी एक. सुपारी-गुटख्यानं गालफडाचं अस्तर आतून दोरखंडासारखं ताठ होत जातं, तोंड उघडणं कमी कमी होत जातं. आपल्याकडचे दंतवैद्य तपासताना सांगतात, तीन बोटं उभी तोंडात घालून दाखवा. ज्याला एकच बोट घालता येतं, त्याच्या गालफडाच्या मागच्या कोपऱ्यात ती पट्टी नेऊन चिकटवायची कशी, हा प्रश्न कुणीतरी घ्यायचा बाकी आहे, आणि त्याचे रुग्ण नागपूर, जळगाव, परळच्या रांगांत आहेत.

प्रश्न असतील तर घेऊ.